स्वस्त भाकरीची वंशावळ

पुण्याच्या भुसार बाजारात हमालाच्या पाठीवर यायचं ते पोतं शंभर किलोचं. ज्वारी असो, गहू असो, साखर असो. नाना पेठेत, भवानी पेठेत ते ट्रकमधून उतरवायचं, गोदामात नेऊन थप्पी लावायची आणि परत ट्रकशी यायचं. दिवसभर हेच. एवढं ओझं वाहणाऱ्या माणसाला दुपारी पोटभर जेवण लागतं. घरून भाकरी बांधून आणली असेल तर ठीक, नाहीतर चहा-पाव आणि भजी यांवर दिवस काढायचा, कारण हॉटेलातलं ताट हमालीच्या दराला परवडणारं नव्हतं. १९७४ साली हमालांच्या संघटनेने, हमाल पंचायतीने, स्वतःचं स्वयंपाकघर काढलं आणि त्याला नाव दिलं ‘कष्टाची भाकर’. तत्त्व एका ओळीत मावणारं होतं: ना नफा, ना तोटा.

व्यवस्थापनाच्या वर्गात अशा कामाला आज सामाजिक उद्योग म्हणतात. समाजातली एखादी अडचण सोडवायची, पण देणग्यांवर विसंबून नाही, तर विकून, कमावून आणि कमाई त्याच कामात घालून. महाराष्ट्रात ही कल्पना समजून घ्यायची असेल तर स्वस्त ताटाचा माग काढावा असं मला वाटतं. एक प्रश्न धरून हा माग काढता येतो. बाजारात जे ताट दहाला पडतं ते कुणी सहाला देत असेल, तर वरचे चार कोण भरतं? हा फरक कुठे जात नाही, कुणीतरी तो भरतंच. कधी सरकार भरतं, कधी दाता भरतो. पण आपल्याकडे बहुतेक वेळा तो चुलीपुढे बसलेल्या बाईने भरला आहे, आणि हिशोबाच्या वहीत तिचं नावही आलेलं नाही.

भाकरी स्वस्त करणं वाटतं तितकं सोपं नाही. पोळीची कणीक एकदम भिजवून ठेवता येते; ज्वारीच्या पिठाचं तसं नाही. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते, थापताना भाकरी कडेने तुटते, मग पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, परातीत मळायचा, थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, शेकून फुगवायची आणि पुढच्या भाकरीसाठी पुन्हा गोळा मळायला घ्यायचा. किलोभर पिठात दहा-बारा भाकरी होतात. हजार भाकऱ्या म्हणजे हजार वेळा मळणं आणि हजार वेळा थापणं. धान्य घाऊक घेतलं तर स्वस्त पडेल, जागा फुकट मिळाली तर भाडं वाचेल. थापणाऱ्या हातांची मजुरी मात्र घाऊक होत नाही. म्हणून भाकरीची किंमत कुणी फार खाली आणली की आधी त्या हातांकडे बघावं.

या वंशावळीचा मूळपुरुष शोधायला १८७७ च्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागतं. दख्खनच्या पठारावर माणसं मरत होती आणि सरकारने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी केली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. ही मजुरी ठरवणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांच्या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी ती नाकारून कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. जोतीराव फुल्यांनी त्यासाठी वर्तमानपत्रातून मदतीचं आवाहन केलं. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातल्या दुष्काळाची आणि कार्यकर्त्यांच्या धडपडीची हकिगत आहे.

धनकवडीचं ताट दानाचं होतं आणि उपाशी लेकरांपुढे दानाशिवाय दुसरं काही ठेवता येत नाही. पण जोतीराव नुसते दात्यांच्या भरवशावर राहणारे गृहस्थ नव्हते. पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीच्या नावाने ते कंत्राटं घेत, खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी माल पुरवला. शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज या कामांमागे स्वतः व्यवसाय करून मिळवलेला पैसा होता. कमाई आणि समाजकार्य एकाच माणसाच्या दोन हातांत होतं, तरी ते अजून एका चुलीवर आलेलं नव्हतं. कमाई एकीकडे व्हायची आणि खर्च दुसरीकडे. ज्या कामाने अडचण सुटते त्याच कामाने कमवायचं, ही पायरी पुढे आली, आणि ती कुणा सुधारकाने चढलेली नाही. पोटासाठी धडपडणाऱ्या बायांनी ती मुंबईत चढली.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी भागात चिमण्या उभ्या राहिल्या आणि कोकणातून, घाटावरून पुरुष येत राहिले. बायका-मुलं गावी. एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे आणि पाळीप्रमाणे झोपायचे. एकजण रात्रपाळीहून आला की दिवसपाळीवाल्याच्या जागेवर अंग टाकायचा. झोपायची जागा अशी वाटून घेता आली, जेवणाचं तसं होईना. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस चूल कधी पेटवणार? म्हणून चाळीतल्याच एखाद्या घरात, बहुतेक वेळा नवरा गेलेल्या, टाकलेल्या किंवा नवऱ्याचा पगार पुरत नसलेल्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण सुरू झालं. ही खाणावळ. रत्नागिरीचा माणूस मालवणी-रत्नागिरी हाताचं जेवण शोधायचा, साताऱ्याचा भाकरी शोधायचा, म्हणून एकेका खाणावळीत एकेका मुलखाची, कधी एकाच गावची माणसं असत.

हा धंदा उधारीवर चालायचा. जेवणारा महिनाभर जेवायचा आणि पगाराला पैसे द्यायचा. बाईला मात्र तांदूळ, डाळ, रॉकेल, मासळी रोज लागायची. वाणी उधार द्यायचा तो वाढीव भावाने. वाणी थांबला की सावकार, आणि सावकाराचं व्याज पठाणी. पगाराच्या दिवशी येणारा पैसा एका दाराने येऊन दुसऱ्या दाराने जायचा. पहाटे चारला उठून रात्री अकराला भांडी घासून झोपणाऱ्या बाईच्या हातात महिनाअखेर उरायचं ते तिच्या नि पोरांच्या पोटापुरतं. गिरणी कामगाराचं ताट स्वस्त होतं, आणि फरक ती भरत होती. पुढे जाऊन मी म्हणेन की मुंबईच्या कापडधंद्याचा काही फरकही तीच भरत होती. कामगार एवढ्या कमी पगारात जगू शकत होता तो तिच्या बिनहिशोबी श्रमामुळे. गिरणीमालकांच्या ताळेबंदात तिचा उल्लेख कधी आला नाही.

संपात तर ती दुहेरी भरडली जायची. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. पगार नाही म्हणजे खाणावळीचे पैसे नाहीत. तरी ताटं वाढली गेली. युनियनच्या इतिहासात सभा, मोर्चे, पुढाऱ्यांची भाषणं यांना पानं मिळाली. ज्या उधारीवर संप टिकला ती उधारी देणाऱ्या बायांबद्दल फार थोडं लिहिलं गेलं.

खाणावळीची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. मुलखाबरोबर जातही ताटाशी यायची. अमक्यांची खाणावळ, तमक्यांची खाणावळ अशी सरळ विभागणी होती आणि अस्पृश्य मानलेल्या कामगाराला यातल्या बहुतेक दारांत जागा नव्हती. गिरणीतल्या विणखात्यातही त्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती. महाराष्ट्रात सगळ्यांनी एका पंगतीत बसून, स्वतःच्या श्रमातून जेवायचं, हा प्रयोग पक्का रुजवला तो भाऊराव पाटलांनी. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि कष्टाची कामं करून शिकत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले. वसतिगृह आणि हमालांचं भाकर केंद्र यांत पन्नास वर्षांचं अंतर आहे. तरी सत्यशोधकी वळणाचं हे घराणं एकच आहे, आणि ते दोन्हीकडे ओळखू येतं.

आता १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना लाल मिलो ज्वारी आठवते, कामावर मिळणारी सुकडी आठवते, खडी फोडायला गेलेलं सगळं गाव आठवतं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. रोजगार हमी योजना याच अनुभवातून आली. शहरांत रेशन दुकानांपुढे रांगा, रॉकेल नाही, तेल नाही. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी केली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले, मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला आणि त्या वर्षी महागाईचा दर पंचवीस टक्क्यांच्या घरात गेला.

या दोन-तीन वर्षांत काय काय जन्माला आलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहावं. १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ने बँक काढली, भाजीवाल्या, हातगाडीवाल्या अशा चार हजार बायांनी दहा-दहा रुपयांचं भांडवल घातलं. १९७४ मध्येच पुण्यात कष्टाची भाकर. १९७५ मध्ये मुंबईत खाणावळवाल्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ. १९७६ मध्ये बांगलादेशात जोब्रा गावी मुहम्मद युनूस यांनी बेचाळीस जणांना खिशातून छोटं कर्ज दिलं, त्यातून ग्रामीण बँक झाली आणि ती गोष्ट जगभर गेली. या चारही ठिकाणी माणसं एकमेकांना विचारून कामाला लागली नव्हती. महागाईने कष्टकऱ्याच्या ताटाला हात घातला होता आणि मोर्च्याने भाव उतरत नव्हते, हे सगळीकडे सारखं होतं. मोर्चा काढणाऱ्यांमधलेच काही जण मग चूल मांडायला आणि वही उघडायला बसले.

हमाल पंचायतीचे बाबा आढाव त्यांपैकीच. आयुर्वेदाचे डॉक्टर, पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी हमालांना संघटित करायला सुरुवात केली. हमाल हा कुणाचाच कामगार नव्हता. आडत्या म्हणायचा तो व्यापाऱ्याचा, व्यापारी म्हणायचा तो ट्रकवाल्याचा. हमाली, तोलाई, वाराई यांचे दर बाजाराच्या मर्जीवर. लांबलचक झगड्यांनंतर १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्याने बिनमालकाच्या माणसाला नोंदणी दिली, भविष्य निर्वाह निधी दिला. पण मजुरी दोन रुपयांनी वाढली आणि ताट तीन रुपयांनी महागलं तर कायदा पोटापर्यंत पोचत नाही. तेव्हा दर मिळवून देणाऱ्या संघटनेनेच ताटाचा खर्चही हातात घ्यायचा, असं पंचायतीने ठरवलं.

कष्टाची भाकर चालते कशी, तर फरक चार ठिकाणांहून थोडा थोडा काढून. मालकाचा नफा नाही, हा पहिला भाग. जागेचा आणि उभारणीचा भार संघटनेने उचलायचा, हा दुसरा. पदार्थ मोजकेच: भाकरी, झुणका, एखादी भाजी, आमटी, भात, ठेचा. यादी आखूड असली की नासाडी होत नाही आणि तेच सामान मोठ्या प्रमाणात घेता येतं. चौथा भाग म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं. बाजार उघडा आहे तोवर हमाल येणार, त्यांच्यामागून रिक्षावाले, हातगाडीवाले, गावाहून दवाखान्यात आलेले, विद्यार्थी. रोज किती भाकऱ्या लागणार याचा अंदाज चुकत नाही. स्वयंपाकघरात कष्टकऱ्यांच्या घरातल्या बाया. त्यांची मजुरी हा खर्च धरून भाव काढायचा, ती वगळून नाही. ‘ना तोटा’ या दोन शब्दांचा मला लागलेला अर्थ हाच. ज्वारी महागली की भाव वाढणार आणि तो का वाढला हे खाणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. तो संघटनेचाच सभासद असल्यामुळे त्याला ते विचारताही येतं.

आणखी एक धागा इथे जोडला पाहिजे. ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम बाबांनी १९७२ च्या दुष्काळातच सुरू केली. विहिरी आटल्या होत्या, टँकरचं पाणी सगळ्यांना सारखं यायचं, तरी गावोगाव पाणवठे वेगळे होते. पाण्यावरची जात मोडायला निघालेल्या माणसाने दोन वर्षांनी भाकरीचं केंद्र काढलं. तिथे कुणाची खाणावळ हा प्रश्नच उरला नाही. रांगेत उभं राहायचं, पैसे द्यायचे, ताट घ्यायचं. विकत घेतलेल्या ताटाचा हा मोठा गुण आहे. दानाच्या पंगतीत देणारा ठरवतो कुणाला कुठे बसवायचं. पैसे मोजून घेतलेलं ताट त्या माणसाचं असतं.

तिकडे मुंबईत प्रेमाताई पुरव गिरणगावात डाव्या कामगार चळवळीचं काम करत होत्या. मूळ गोव्याच्या, तिथल्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ मध्ये अतिगरिबांना चार टक्क्यांनी कर्ज देण्याची योजनाही आली. कागदावर खाणावळवाली त्यात सहज बसत होती. प्रत्यक्षात तिच्याकडे तारण नव्हतं, जामीन राहणारा कुणी नव्हता, आणि अंगठा उठवणाऱ्या बाईला बँकेच्या दारात उभं राहायचीच भीती. प्रेमाताईंनी तिच्याच कामात उत्तर शोधलं. शेजारपाजारच्या खाणावळवाल्यांचे गट केले; अन्नपूर्णा महिला मंडळ ते हेच. एकीचं कर्ज थकलं तर बाकीच्या जबाबदार. पंधरा वर्षं एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायांना एकमेकींची पत बँकेपेक्षा चांगली माहीत असते. सावकाराचं कर्ज फिटलं, वाणसामान रोखीने घाऊक घेता आलं, आणि पहिल्यांदाच ताटामागे चार पैसे बाईच्या हातात राहिले. तेवढंच रांधून, तेवढ्याच भावाने वाढून. आजवर सावकाराच्या खिशात जाणारा हिस्सा तिच्याकडे वळला, एवढंच झालं. आणि तेवढंच पुष्कळ होतं.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडली. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसं गावाला परतली आणि खाणावळीची ताटं रिकामी राहिली. १९२८ मध्ये संप उधारीवर तगला होता. या वेळी संप संपण्याची वाट पाहणं म्हणजे बुडणं होतं. सामाजिक उद्योगाची खरी कसोटी अशा वेळी लागते. ज्या अडचणीसाठी तो जन्मला ती अडचणच जागा सोडून निघून जाते आणि मागे राहतात त्या कामावर पोट असलेली माणसं. अन्नपूर्णाने बायांना कचेऱ्यांचे डबे, कॅन्टीन, समारंभांची जेवणं, तयार खाद्यपदार्थ अशा नव्या गिऱ्हाइकांकडे नेलं, नवी मुंबईत वाशीला केंद्र उभं केलं, प्रशिक्षण दिलं, नोकरी करणाऱ्या बायांसाठी वसतिगृह काढलं. प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांत अन्नपूर्णा परिवार उभा केला: छोटी कर्जं, बचत आणि आजारपणासाठी बायांचा आपसातला विमा. स्वयंपाकघरातून निघालेली एक शाखा अशी पतपेढीत पोचली.

त्याच १९९३ मध्ये हमाल पंचायतीच्या छायेत पुण्यात आणखी एक संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी विद्यापीठातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या कार्यकर्त्या तिच्या उभारणीत होत्या, बाबा आढाव पाठीशी होते. कचरा वेचणाऱ्या, बहुतांश दलित बायांची ही संघटना. भाकरीशी तिचा संबंध नाही, पण फरकाशी आहे. शहराचा भंगार-कागद उकिरड्यातून काढून या बाया महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवत होत्या आणि त्याचा मोबदला त्यांना कुणी देत नव्हतं. संघटनेने तो मोजून महापालिकेपुढे ठेवला. आधी ओळखपत्रं मिळाली, मग वैद्यकीय विमा, आणि २००८ मध्ये याच बायांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. घरोघरचा कचरा त्या उचलतात, घरटी ठरलेलं शुल्क घेतात आणि सुका माल विकतात.

सरकारला स्वस्त भाकरी दिसली ती १९९५ मध्ये. शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं राज्यभर निघाली. हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. एक रुपयात पोट भरणं ही गरीब माणसाला कळणारी, मान देणारी गोष्ट होती, आणि बेरोजगार तरुणांना केंद्र चालवायला मिळणार होतं. पण रुपया हा भाव ज्वारी, गॅस आणि मजुरी यांच्या बेरजेतून आला नव्हता, तो आधीच जाहीर झाला होता. बेरजेतली तूट अनुदानाने भरायची होती. केंद्रचालकाला मोक्याची जागा मिळाली आणि त्या जागेची किंमत भाकरीपेक्षा कितीतरी जास्त होती. तेव्हा काय होणार हे उघड होतं. भाकरीसोबत हळूहळू वडे आले, चहा आला, मग भाकरी मागे पडली. सरकार बदललं, अनुदान बंद झालं आणि जागा मात्र कज्ज्यात राहिल्या. कितीतरी केंद्रांची साधी खाण्याची दुकानं झाली. त्याच पुण्यात कष्टाची भाकर चालूच होती, रुपयापेक्षा जास्त भावाने.

राज्य सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हा हिशोब जास्त स्वच्छ मांडला होता. खाणाऱ्याने दहा रुपये द्यायचे. शहरात थाळीचा खर्च पन्नास धरून चाळीस सरकारने, गावात पस्तीस धरून पंचवीस सरकारने. फरक किती आणि कोण भरणार हे कागदावर लिहिलेलं होतं. दोनच महिन्यांनी करोनाची टाळेबंदी आली. भाव पाचावर आणला गेला, पुढे काही काळ थाळी मोफतही झाली, आणि त्या दिवसांत या थाळीने जे केलं ते विसरू नये. अनेक केंद्रं महिला बचत गट चालवत होते. पण चाळीस रुपये महिन्यानंतर, दोन महिन्यांनंतर, कधी त्याहून उशिरा येऊ लागले की बचत गटातली बाई १९६० सालच्या खाणावळवालीच्या जागी जाऊन बसते. वाण्याकडे उधारी तिचीच, व्याज तिचंच. देणी थकल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत वारंवार येत आहेत. म्हणजे कागदावर फरक सरकार भरतं आणि महिनोन्‌महिने प्रत्यक्षात तो ती भरते.

दक्षिणेत हे प्रयोग वेगवेगळ्या तऱ्हांनी झाले. चेन्नईत फेब्रुवारी २०१३ पासून ‘अम्मा उनवगम’ या स्वस्त उपाहारगृहांत एक रुपयाला इडली मिळू लागली. बचत गटांतल्या बाया तिथे महापालिकेच्या पैशाने रोजावर काम करतात, नफ्या-तोट्याचा प्रश्न त्यांच्यापर्यंत येत नाही. केरळात कुटुंबश्री ही बायांची संघटना १९९८ पासून आहे. २०२० मध्ये तिच्या गटांनी जनकीय हॉटेलं काढली आणि ती हजारावर गेली. वीस रुपयांत जेवण, आणि प्रत्येक ताटामागे सरकारचं दहा रुपये अनुदान. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने ते काढून घेतलं. ताटाचा भाव तीसपर्यंत नेण्याची मुभा मिळाली. थकलेल्या अनुदानाने काही गट आधीच कर्जात गेले होते, त्यांतल्या काहींची हॉटेलं बंद पडली. काही गटांनी तीस रुपयांचं ताट आणि जोडीला मासे, ऑम्लेट असे वेगळे पैसे घेऊन द्यायचे पदार्थ ठेवून चूल चालू ठेवली. गट त्यांचा होता, भाव बदलायचा अधिकार थोडा का होईना त्यांच्याकडे आला होता.

महाराष्ट्रातल्या शिवभोजन केंद्रांना तो अधिकार नाही. दहा रुपये खाणाऱ्याचे, बाकी मंत्रालयाचे. भाव शासन निर्णयाने ठरतो आणि ज्वारी, तूरडाळ, गॅस सिलिंडर त्या निर्णयाची वाट पाहत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. अनुदान द्यायचं असेल तर ते ताट वाढण्याआधी, आगाऊ, गटाच्या खात्यात पडलं पाहिजे, म्हणजे वाणसामान रोखीने घेता येईल; १९७५ मध्ये गिरणगावातल्या गटांनी बँकेकडून मिळवलं ते नेमकं हेच खेळतं भांडवल होतं. ताटाचा धरलेला खर्च दर सहा महिन्यांनी केंद्र चालवणाऱ्या बायांना समोर बसवून पुन्हा मांडला पाहिजे, आणि त्या मांडणीत पीठ, डाळ, इंधन यांच्या वर पहिल्या ओळीत थापणाऱ्या हातांची मजुरी लिहिली पाहिजे.